जोडे घातलेला टाक

तबकात एकाच्या जागी दोन टाक निघाले आणि सर्जेरावांना पहिल्यांदा वाटलं, आपला चष्माच बिघडलाय. त्यांनी तो काढला, उपरण्याच्या टोकानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. टाक दोनच होते. दोन्ही चांदीचे, दोन्ही हळदीनं पिवळे झालेले.

"आक्का," ते थोरल्या बहिणीला म्हणाले, "ह्यो दुसरा कुणाचा?"

द्वारकाबाई बावड्याहून खास आजच्या विधीसाठी आल्या होत्या. भावाच्या घरात देवाधर्माचं काही असलं की त्यांच्यावाचून पान हलत नसे. अलीकडं त्यांना दिसत मात्र फारसं नव्हतं. "मला काय इचारतोस? सोनाराच्या पुडीत दोन हुते. मी दोनी धुतले, दोनी हळदीत माखले, दोनींवर भंडारा टाकला. घरात काय वाढलं, काय घटलं त्ये तुला ठावं."

घटलं होतं एवढं सर्जेरावांना माहीत होतं. थोरल्या मुलाचा, दीपकचा, एकुलता एक मुलगा राजवर्धन गेल्या कार्तिकात रक्ताच्या कॅन्सरनं गेला. सतरा वर्षांचा होता. आज त्याचं वर्ष. अकाली गेलेल्या माणसाची मूर्ती वर्षानं चांदीच्या पत्र्यावर ठोकून घ्यायची आणि तो टाक देव्हाऱ्यात पूर्वजांच्या ओळीला बसवायचा, ही या घराची रीत. बसवला नाही तर गेलेलं माणूस उंबऱ्याबाहेर ताटकळत राहतं, असं म्हणतात. मूर्तीचा साचाही ठरलेला. घोडा, हातात तलवार, वर चंद्रसूर्य. सर्जेरावांचे एक चुलते उसाला पाणी धरताना साप चावून गेले होते, एक आजोबा विहिरीचा गाळ काढताना. दोघंही देव्हाऱ्यात घोड्यावर होते. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या मागं चाललं, पुढं ट्रॅक्टरवर बसलं, पण मेल्यावर मात्र झाडून सगळे घोडेस्वार.

पहिला टाक तसाच होता. दुसऱ्यावर घोडा नव्हता. एक पोरगा उभा होता, कुरळ्या केसांचा. अंगात टी-शर्ट, खाली जीनची पँट, पाठीला सॅक आणि पायांत खेळायचे बूट. सोनारानं नाडीची गाठसुद्धा कोरली होती.

"देव्हाऱ्यात जोडे?" सर्जेराव एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज चढला की सोप्यातली माणसं गप्प होत. आज तो चढलाच नाही, म्हणून सगळे जास्तच घाबरले.

गोकुळ सोनार जेवायला बोलावलेला होता आणि अंगणात मांडवाच्या सावलीत बसून चहा पीत होता. धाकटा मुलगा दिग्विजय त्याला दंडाला धरूनच आत घेऊन आला.

"आबा, माझं काय चुकलं सांगा," गोकुळ म्हणाला. "तुमी घोडेस्वार सांगितला. मी करायला घेतला. मग रेश्मावैनी दुकानात आल्या. त्यांनी एक कार्ड दिलं, आन म्हनाल्या, असा करा, जोडे-सॅक घातलेला. मी दोन केले."

"एकाच पोराचे दोन?"

"मला काय ठावं एकाच पोराचे? मला वाटलं, घरात आनि कुणीतरी गेलं आसंल."

"मग इचारायचं न्हाय व्हय?"

गोकुळनं कपबशी खाली ठेवली. "आबा, ज्या घरचं लेकरू गेलंय त्या घरच्या बाईला मी कसं इचारू, की बाई, आनि कोण गेलं? असलं इचारत्यात का कुणी?"

खरंच कुणी विचारलं नसतं. द्वारकाबाईंनी तर मान डोलावली.

रेश्मा देवघराच्या दाराशी उभी होती. थोरली सून. बारामतीला शिकलेली, बोलायला मोजकी. वर्षभरात तर ती मीठ-भाकरीपुरतंच बोलली होती. "मी म्हटलं होतं कपडे असे करा," ती म्हणाली. "चेहरा माझ्या राजाचाच हवा होता. कार्ड फक्त बूट दाखवायला दिलं होतं, गोकुळभाऊ."

"वैनी, फोटो तुमी एकच दिलात. मला वाटलं, जो गेला त्यो ह्योच."

"मग ह्यो हाय तरी कोण?" सर्जेरावांनी विचारलं.

रेश्मानं दुकानातून परत आणलेलं कार्ड कमरेच्या बटव्यातून काढून त्यांच्या हातात दिलं. रंगीत फोटो, मागं चार ओळी. फोटोतला पोरगा हसत होता. त्याला बघून कुणालाही वाटावं, कॉलेजच्या सहलीला निघालाय.

दिग्विजयनं कार्ड वडिलांच्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं, मोबाइल काढून काहीतरी टाइप केलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आबा, ह्यो किरिस्तावांचा हाय. इटलीचा. कार्लो म्हणून. त्यांच्या पोपनी संत केलाय ह्याला."

"संत?" सर्जेरावांनी पुन्हा टाकाकडं पाहिलं. संत म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं दाढी यायची, गळ्यात माळ यायची. पायांत बूट घालून पाठीला सॅक लावलेला संत त्यांच्या डोक्यात कुठं बसेना. "ह्या वयाचा?"

"पंधराव्या वर्षी गेला तो," रेश्मा म्हणाली. "आपल्या राजाचाच आजार. रक्ताचा."

बाहेर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्यांची गाणी आत ऐकू येत होती.

मग दिग्विजय सुरू झाला. त्याला या खेपेला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं आणि त्यापायी गेले सहा महिने तो लग्नकार्यात, मयतीत, वास्तुशांतीत सगळीकडं दिसत होता. "आबा, दुपारच्याला सारी भावकी जेवायला येणार. जेवायच्या आधी देवघरात जाऊन पाया पडणार. ह्यो पोरगा बघणार. उद्या बारामतीत काय बोलत्याल? सर्जेरावांचं घर बाटलं म्हणत्याल. मी काय म्हणतो, कालव्याला पाणी चालू हाय. आत्ताच्या आत्ता मोटरसायकलवर जातो आन सोडून येतो."

"बरोबर हाय त्याचं," दीपक म्हणाला. तो कारखान्याच्या लॅबमध्ये होता. उसाच्या रसात साखर किती, हे सांगताना त्याचा आकडा कधी चुकत नसे. घरात मात्र शेवटी जो बोलेल त्याचं त्याला बरोबर वाटे.

"तो गेला तर राजाचाही टाक बसणार नाही," रेश्मा म्हणाली.

तिनं हे इतकं शांतपणे म्हटलं, की सर्जेरावांना आधी समजलंच नाही. "म्हंजी?"

"म्हणजे दोघं बसतील, नाहीतर दोघं नाही. मी राजाचा टाक घेऊन माहेरी इंदापूरला जाईन. तिथं एका फळीवर दोघांना ठेवीन."

"लेकीच्या घरी टाक बसत न्हाईत, माहेरी तर अजिबातच न्हाईत," द्वारकाबाई कडाडल्या. "पोर तसंच फिरत ऱ्हाईल, कळतंय का तुला?"

"कळतंय, आत्याबाई. म्हणूनच सांगते."

सर्जेराव पाटावर बसले. त्यांनी आयुष्यात पाण्याच्या पाळीवरून भांडणं मिटवली होती, बांधावरून मिटवली होती, सोसायटीत दोन गटांना एका ताटात जेवायला बसवलं होतं. इथं भांडण कशावरून आहे हेच त्यांना उमगत नव्हतं. बुटांवरून, धर्मावरून, की सोनारावरून? गेलेल्या नातवाला घरात घ्यायचं एवढं सरळ काम सकाळी होतं. आता एक पाहुणा आडवा आला होता आणि तोही मेलेला.

"सुनबाई, बस हितं," ते म्हणाले. "ह्या पोराचा आन आपला संबंध काय, त्ये सांग."

रेश्मा बसली. पुण्याच्या हॉस्पिटलात वसईकडची एक ख्रिस्ती नर्स होती, तिनं ते कार्ड राजवर्धनला दिलं होतं. "ती आपल्यासारखीच मराठी बोलायची. राजाच्या उशाशी मोबाइल बघून म्हणाली, तुझ्यासारखाच एक होता, कॉम्प्युटरचं वेड असलेला. मग राजा त्याच्याबद्दल सगळं शोधत बसायचा. रोज चर्चला जायचा म्हणे तो. जगभरातल्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्यानं वेबसाइट केली होती. घराबाहेर कुणी उपाशी झोपलेलं दिसलं तर जेवण नेऊन द्यायचा. आणि गेम खेळायचा, पण आठवड्याला एक तास, स्वतःच घातलेला नियम. राजा म्हणाला, आई, बाकी सगळं जमेल, हे एक तासाचं काय जमायचं न्हाय."

दीपक हसला. हसू आलं आणि तो लगेच उठून खिडकीशी गेला.

"कधीकधी त्याच्यावर चिडायचासुद्धा," रेश्मा पुढं म्हणाली. "कार्लो आजार कळल्यावर काही दिवसांतच गेला. राजा म्हणायचा, त्याचं बरं झालं, मला किती महिने लोळवलंय. मग थोड्या वेळानं कार्ड परत उशीखाली ठेवायचा."

"वैनी, एकच सांगा," दिग्विजय खाली बसला. त्याचा आवाज आता सभेतला राहिला नव्हता. "आपल्या राजानं त्यांचं पाणी घेतलं का? डोक्यावर घालत्यात त्ये?"

हा प्रश्न सर्जेरावांच्याही ओठांवर होता, फक्त त्यांना तो विचारायची हिंमत झाली नव्हती.

रेश्मानं दिग्विजयच्या हातातलं कार्ड परत घेतलं. "त्यानं मला विचारलं होतं, घेऊ का म्हणून. मी म्हटलं, घरी गेल्यावर आबांना विचारू. घरी आलोच नाही. शेवटच्या दिवशी दुपारी मी खाली औषध आणायला गेले. वर आले तर त्याचं कपाळ ओलं होतं. केसही पुढून ओले होते. ती नर्स शेजारी उभी होती. ताप होता त्याला, घडी ठेवली असेल. मी विचारलं नाही."

"का न्हाय इचारलं?"

"हो म्हणाली असती तर तुम्हाला काय सांगू, आणि नाही म्हणाली असती तर राजाला काय सांगू? मला दोन्ही नको होतं, भावजी. अजूनही नकोय."

दिग्विजयनं डोकं धरलं. "म्हंजी त्यो हिंदू गेला का किरिस्ताव गेला, हेच ठावं न्हाय आपल्याला."

"न्हाय," खिडकीशी उभा असलेला दीपक म्हणाला. "ठावं न्हाय." आणि या वेळी तो कुणाचं ऐकून म्हणत नव्हता.

द्वारकाबाई एवढा वेळ चाचपत दुसऱ्या टाकावरून बोट फिरवत होत्या. बुटांवर आल्या की बोट थबके. "संत कधी केला गं ह्याला?"

"या भाद्रपदात. पौर्णिमेला."

"पुनवेला? पितरं यायच्या तोंडाव?" म्हातारीचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "आगं पर त्या राती तर गिरान हुतं!"

"तिकडं ग्रहण काही पाळत नाहीत, आत्याबाई."

"गिरान सगळीकडं आसतं." त्यांनी बराच विचार केला. "दिग्या, तुझं काय आसंल त्ये आसू दे. पर ह्या टाकाला माझ्या हातनं हळद लागली. हळद लागलेला टाक मोडत न्हाईत आन बुडवतबी न्हाईत. बुडवायचा म्हणशील तर मलाबी कालव्यात सोडून ये."

आत्या फिरली म्हटल्यावर दिग्विजय वडिलांकडं बघू लागला. वडील रेश्माकडं बघत होते. "सुनबाई, हट्ट कशाचा धरलायस? त्याची आठवण म्हणून कार्ड ठेव की जवळ. कोण न्हाय म्हणतंय? टाक कशाला? देव्हारा म्हंजी घरची माणसं बसायची जागा."

"म्हणूनच," रेश्मा म्हणाली. आणि वर्षभर गिळून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "राजा घाबरला होता, आबा. तुमच्यासमोर तो हसायचा, पण रात्री माझा हात सोडायचा नाही. एकदा मला म्हणाला, आई, तिकडं माझ्या ओळखीचं कोण हाय? मी म्हटलं, पणजोबा आहेत, चुलत आजोबा आहेत. तर म्हणाला, त्यांना मी कुठं बघितलंय? ती घोड्यावरची माणसं. मला कोण वळखणार तितं? मग म्हणाला, कार्लो हाय. त्याला मी वळखतो. तोबी मला वळखंल, त्याला तर हेच झालं हुतं. मी त्याला शब्द दिला की तुला एकट्याला ठेवणार नाही. गोकुळभाऊंची चूक झाली, पण आता तो आलाय तर मी त्याला परत कसा घालवू? मला बाकी काही कळत नाही. धर्म कळत नाही, संत कळत नाही. माझं लेकरू त्या अनोळखी माणसांच्या ओळीत एकटं बसणार, तेवढं मला सहन होत नाही."

सर्जेरावांना राग यायला हवा होता. त्यांच्या बापजाद्यांना सून अनोळखी माणसं म्हणत होती. पण राग येईना. त्यांनी स्वतःही चुलत्यांना कुठं पाहिलं होतं?

एवढ्यात स्वयंपाकघरातून जयवंता आली. सर्जेरावांची बायको. सकाळपासून ती वड्यांच्या तळणात होती आणि सगळ्यांनी धरून चाललं होतं की ती सुनेच्या बाजूची आहे, कारण वर्षभर सुनेला तिनंच भरवलं होतं. पदराला हात पुसत ती म्हणाली, "ह्याची आई हाय का?"

"कुणाची?" सर्जेराव म्हणाले.

"ह्या बूटवाल्याची."

"आहे," रेश्मा म्हणाली.

"मग तिला इचारलं का?"

सगळे तिच्याकडं बघत राहिले.

"त्ये लेकरू तिचं हाय. तिच्या घरी बसायचं त्ये. आपण आपल्या पोराला सोबत पायजे म्हणून दुसरीचं पोर ठिवून घ्यायचं व्हय? माझ्या नातवाला कुणी असं परमुलखात नेऊन बसवलं, तर मला चाललं नसतं."

रेश्माचा चेहरा पांढरा पडला. सासूकडून हे तिला अपेक्षित नव्हतं. दिग्विजयला मात्र धीर आला. "बघा! आईबी तेच म्हणती."

"मी तुझं म्हणत न्हाय," जयवंता त्याच्यावर खेकसली. "तुला तिकिटाचं पडलंय. मी आईचं बोलतीय."

"आई," रेश्मा हळूच म्हणाली, "तिनं त्याला साऱ्या जगासाठी ठेवलाय. तिकडं असिसी म्हणून गाव आहे, तिथं त्याचा देह काचेमागं ठेवलाय. असाच, जीन आणि बूट घालून. कुठल्याही देशातलं माणूस जातं, त्याच्याजवळ बसतं, आपलं दुखणं सांगतं. त्यांच्यात संत म्हणजे तसंच असतं म्हणे. ज्याला लागेल त्याचा."

"काचेमागं?" जयवंता मटकन खाली बसली. "आन आई बघती?"

"बघत असेल."

"देवा." तिनं पदर डोळ्यांना लावला. त्या बाईला ती ओळखत नव्हती, तिचा मुलूख कुठं आहे ते माहीत नव्हतं, तरी तिच्यासाठी ती रडली. मग नाक पुसून म्हणाली, "साऱ्या जगाला दिला आसंल, तर आपल्यालाबी दिला म्हणायचा. बसवा. पर लई दिस ठिवून घेऊ नगा त्याला. त्येला आनिकबी जायचं आसंल."

आता सगळे सर्जेरावांकडं बघू लागले. त्यांना काही म्हणजे काही उलगडलं नव्हतं. देव्हाऱ्यात बूट चालतात का, ठाऊक नाही. नातू कोणत्या देवाकडं गेला, ठाऊक नाही. दुपारी भावकी काय म्हणेल, ते मात्र पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही टाक तबकातून उचलले आणि देवघरात गेले. बाकीचे मागोमाग.

"पावण्याला आधी," द्वारकाबाईंनी बजावलं. "आन नाव-नातं मोठ्यानं सांग. तसं सांगितल्याबिगर कुणी आत येत न्हाय."

रीत तशीच होती. घरच्या कर्त्या पुरुषानं टाक हातात घ्यायचा, गेलेल्याचं नाव घ्यायचं, आपलं कोण ते सांगायचं आणि म्हणायचं, घरात ये. सर्जेरावांनी बूटवाला टाक हातात धरला. नाव त्यांना जमलं. नात्याशी ते अडले. भाऊ म्हणवेना, सोयरा म्हणवेना, देव तर नाहीच.

"कार्लो," ते म्हणाले. "आमच्या राजवर्धनच्या वळखीचा. घरात ये."

दिग्विजय तोंड फिरवून उभा होता. पण टाक ठेवताना जागा अपुरी पडली, तेव्हा पुढं होऊन समई त्यानंच बाजूला सरकवली.

मग सर्जेरावांनी घोडेस्वार उचलला. "राजवर्धन," ते म्हणाले. "माझा नातू." पुढचे दोन शब्द उरले होते. त्यांनी टाकाकडं पाहिलं. घोडा ओळखीचा होता, तलवार ओळखीची होती. वरच्या ओळीतल्या सगळ्यांसारखाच, तोंडावर नाक-डोळे म्हणून तीन टिंबं. त्या परक्या पोराला चेहरा होता, हसू होतं. ह्या घोड्यावर त्यांचा नातू कुठंच नव्हता. वर्षभर ते कारखान्यावर गेले, ऊस तोडायला माणसं लावली, लोकांना म्हणाले, देवाची मर्जी. आत्ता 'घरात ये' म्हणायचं, म्हणजे तो आतापर्यंत बाहेर होता हे कबूल करायचं.

"आक्का, माझ्यानं न्हाय हुत," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊ लागले. सगळ्यांदेखत.

"दीपक, तू म्हण," द्वारकाबाई म्हणाल्या. दीपकनं नुसती नकारार्थी मान हलवली.

बायकांनी टाकाला हाक मारायची नसते. ही रीत द्वारकाबाईंनीच या घरात तीन सुनांना शिकवली होती. रेश्मा पुढं आली, सासऱ्यांच्या हाताखाली तिनं आपला हात धरला, तेव्हा द्वारकाबाईंनी आपले अधू डोळे भिंतीकडं वळवले.

"राजा, ये रे घरात," रेश्मा म्हणाली. "कार्लो आलाय."